दोन एकर सात गुंठे

बाबा नांदुऱ्याच्या मोजणी ऑफिसात.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांवरून साखळी ओढली,
टीचभर इकडे की तिकडे यावरून
कुऱ्हाडी काढलेल्या भावांना चहा पाजला.
नाशिकची मोजणी मात्र
पहिल्याच पावलाला चुकली.

पहाटे चारला उतरलो ते नाशिक नव्हतं,
नाशिकरोड होतं.
"शहर अजून नऊ किलोमीटर," चहावाला म्हणाला.
दमयंती आत्या वळकटीवर बसली ती बसलीच.
"मंग एवढ्या लांब टेसन कायले बांधलं बाप्पा?"

बाबांच्या खिशात वहीचं पान होतं,
शिसपेन्सिलीनं तासातासाचे चौकोन आखलेलं.
सहा ते सात स्नान.
सात ते साडेसात काळाराम.
लॉजच्या चौकोनात फक्त 'पंचवटी'.
रिक्षावाला हसला,
"काका, नदीपलीकडं सगळी पंचवटीच."

रामकुंडावर गोलूचा सँडल गेला.
उजवा. निळा. दिवाळीचा.
एका पोरानं लगेच सूर मारला,
खूप वेळानं वर आला
हातात सँडल घेऊन:
डावा, तपकिरी, कुणाचा कोण जाणे.
दोन रुपये घेतलेच त्यानं.

सीतागुंफेत आत्या अडकली.
पुढं सरकेना, मागं येईना,
मागे गुजरातची अख्खी बस खोळंबलेली,
आणि आतून तिचा आवाज,
"हसवू नका रे, हासलं का अजून फुगते मी!"
मग काय, सगळी गुंफाच हसली.
कुणीतरी खालून ढकललं. कुणी, ते ती अजून सांगत नाही.

पान भिजलं होतं.
शाई असती तर वाहून गेली असती.
पेन्सिल राहिली.
साडेअकरा ते एक, पांडवलेणी.
निमाणीवर बाबांनी बसची पाटी न वाचता
आम्हाला आत कोंबलं.
"लेणी?" कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं,
"ही मखमलाबादला जाते."
बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.
"नाव तर मऊ हाये," आत्या म्हणाली.

शेवटच्या थांब्याला
नुसत्या द्राक्षांच्या बागा.
फेब्रुवारीचं ऊन तारांवरून खाली टिपके टिपके,
बायका कात्रीनं घड उतरवत होत्या
बाळाची टाळू धरावी तसे.
आईनं पाणी मागितलं.
शेवंताबाईंनी पाणी दिलं आणि पुढ्यात घमेलं ठेवलं,
घडातून सुटलेल्या मण्यांचं.
"पेटीत जात नाही हे. व्यापारी हात लावत नाही.
खा, गोडीला हेच."

आम्ही खात होतो. बाबा नव्हते.
बांधाच्या कडेनं चालले होते,
ओठ हलत, हात मागे,
पाऊल असं टाकत
जसं सकाळपासून एकदाही टाकलं नव्हतं.
"मोजताहेत," आई हळूच म्हणाली
आणि पदरानं तोंड पुसलं.

"दोन एकर सात गुंठे," बाबा आले ते हेच बोलत.
शेवंताबाईंची कात्री थांबली.
"सातबाऱ्यावर आठ हायेत."
"मग एक गुंठा शेजाऱ्याकडं गेलाय तुमचा.
अर्ज करा. मोजणी लावा."
तिनं पलीकडं पाहिलं.
"ठाऊक हाये भाऊ. दिराची विहीर हाये तिथं.
आम्हीबी तिचंच पाणी पितो.
तुम्ही आत्ता प्यायलात ते तिचंच."

बाबा काही बोलले नाहीत.
एवढ्या वर्षांत
हे उत्तर त्यांना कुठल्या बांधावर मिळालं नसावं.
थोड्या वेळानं खिशातून ते पान काढलं,
चौकोन आतल्या बाजूला घेऊन पुडी वळली,
मणी भरले.

काळाराम राहिला. लेणी राहिली.
कॅमेऱ्यात रोल सरकलाच नव्हता, ते घरी कळलं.
नांदुऱ्याला गाडी दोन मिनिटं थांबते.
फलाटावर सगळ्यात पुढे गोलू,
एक निळा, एक तपकिरी,
दोन्ही पायांत डावे,
सारखा एका बाजूला वळत,
आणि मागे बाबा,
पुडी छातीशी धरून, पावलं न मोजता.